सलाईन, विंचू आणि मच्छरदाणी

आवाज नीट येतोय ना? मधेच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. माझा दवाखाना बिडकीनला, पैठण रोडवरच आहे, आणि हे रेकॉर्डिंग मी दुपारच्या मधल्या वेळात शटर अर्धं खाली ओढून करतोय. कोणी बाहेरून "डॉक्टर हायेत का?" म्हणून हाक मारली तर तीही तुम्हाला ऐकू येईल.

ज्यांनी बिडकीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. संभाजीनगरहून पैठणला निघालात की साधारण निम्म्या वाटेवर आमचं गाव लागतं. पूर्वी कापूस, तूर, मोसंबी आणि बाजाराचं गाव एवढीच ओळख. आता ऑरिकचं बिडकीन, म्हणजे रुंद रस्ते, आखलेले प्लॉट, कंपन्यांच्या पाट्या. त्यामुळे माझ्याकडे पेशंटही दोन तऱ्हेचे येतात. एक शेतातून आलेली म्हातारी माणसं, आणि दुसरी तुमच्या वयाची पोरं, बाहेरगावाहून आलेली, चौघांत एक खोली करून राहणारी, शिफ्टमध्ये काम करणारी. दोघांचं वाक्य मात्र एकच असतं. "सायब, गळून गेल्यावानी होऊ राहिलं. एक सलाईन लावून द्या ना."

आजच्या भागासाठी मला विषय पाठवला गेला तो असा: एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन आणि परवडणारा उपचार. मी म्हटलं, हे नाव सुरुवातीलाच घेतलं तर निम्मी मंडळी दुसरा भाग लावतील. म्हणून सलाईनपासूनच सुरू करतो. विषय तोच आहे.

सलाईनच्या बाटलीत असतं काय? साध्या नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. साखरेची बाटली असेल, जिला आपण ग्लुकोजची बाटली म्हणतो, तर तिच्यात 25 ग्रॅम साखर. बाकी पाणी. त्या 25 ग्रॅममध्ये अर्ध्या भाकरीचीही ताकद नसते. कोणी त्यात लाल-पिवळं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडतं, बाटलीला रंग येतो आणि पेशंटला वाटतं आता काहीतरी भारी चाललंय. ज्याला तोंडानं पाणी पिता येतं, उलटी थांबलेली आहे, त्याला ही बाटली लिंबू-सरबताच्या दोन ग्लासांपेक्षा जास्त काही देत नाही.

हे मला एमबीबीएसच्या पहिल्या दोन वर्षांतच शिकवलेलं होतं. तरी दवाखाना टाकल्यावर पहिली चार-पाच वर्षं मी सलाईन लावत होतो. रोज. दोन खाटा होत्या, दोन्ही भरलेल्या असायच्या. तीनशे रुपये घ्यायचो. कन्सल्टिंगचे पन्नास. आता तुम्हीच हिशोब करा की दवाखान्याचं भाडं आणि कर्जाचा हप्ता कशातून निघत असेल.

मी स्वतःला काय सांगायचो? की पेशंटला बरं वाटतं, नुकसान तर काही नाही ना. आणि मी नाही लावली तर समोरचा लावणारच आहे. ही दोन वाक्यं तुम्हाला कुठल्याही धंद्यात ऐकू येतील.

मग एका उन्हाळ्यात एक काका आले. वय सत्तरच्या आसपास, शेतकरी, ओळखीचे. मुलगा मोटरसायकलवर घेऊन आला. दोन दिवस जेवण नाही, अशक्तपणा, चालताना दम. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, उन्हाचं झालंय, दोन बाटल्या लावा." ओपीडीत गर्दी होती. मी बीपी पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला न लावल्यासारखा केला, आणि बाटली सुरू केली. पाय दाबून बघायला हवे होते. पायांवर सूज होती. ते हृदयाचे पेशंट होते, हृदय आधीच थकलेलं होतं, दम त्याचा होता. पहिली बाटली संपून दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "झोपवत नाही." त्यानंतर श्वासाला बुडबुड्यांचा आवाज यायला लागला. थकलेल्या हृदयाला मी वरून पाऊण लिटर पाणी चढवलं होतं आणि ते आता फुप्फुसात साचत होतं.

बाटली काढली, त्यांना बसतं केलं, लघवीचं इंजेक्शन दिलं, गाडीत घालून घाटीत नेलं. मी स्वतः सोबत गेलो. पैठण रोडचा तो पंचवीसेक किलोमीटरचा प्रवास मला आजही वळणावळणानं आठवतो. ते वाचले. घाटीच्या डॉक्टरांनी वाचवले. आठवड्यानं घरी आले आणि सगळ्या गल्लीत सांगितलं की बिडकीनच्या डॉक्टरनं वेळेवर शहरात नेलं म्हणून जगलो. लोक माझे आभार मानत होते. खरं काय झालं ते त्यांच्या मुलाला सांगायला मला दोन महिने लागले. सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण बाटली तर आम्हीच मागितली होती."

मागितली होती त्यांनी. पण कधी लावायची आणि कधी नाही हे कळणं माझं काम होतं.

तर आता ते इंग्रजी नाव घेतो. 1990च्या दशकात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या काही डॉक्टरांनी एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन हा शब्द रूढ केला. त्यातले डेव्हिड सॅकेट यांनी तीन गोष्टी एकत्र धरायला सांगितल्या: अभ्यासांतून मिळालेला सगळ्यात भरवशाचा पुरावा, डॉक्टरचा स्वतःचा अनुभव, आणि समोरच्या पेशंटची परिस्थिती व इच्छा. लोक पहिलीच गोष्ट लक्षात ठेवतात. मला तिसरीनं जास्त शिकवलं.

कसं ते सांगतो. त्या काकांनंतर मी ठरवलं की विनाकारण सलाईन बंद. पोरं यायची, मी नाही म्हणायचो, ती समोरच्या दवाखान्यात जायची. एक दिवस वैतागून एकाला विचारलं, "अरे, तुला जुलाब नाही, उलटी नाही, नुसती कणकण आहे. ही बाटली हवी कशाला?" तो म्हणाला, "सर, हाताला पट्टी दिसली का ठेकेदार मानतो. नाहीतर खाडा लावतो." मी गप्पच झालो. त्याला मिठाचं पाणी नकोच होतं. त्याला आजारी असल्याचा पुरावा हवा होता! मी लेटरहेडवर दोन दिवसांच्या विश्रांतीची चिठ्ठी लिहून दिली, तापाच्या गोळ्या दिल्या, पोरगा खूश. पेशंटची इच्छा विचारात घेणं म्हणजे तो म्हणेल ते देणं, असं मी समजत होतो. विचारलं तर वेगळंच निघतं.

दुसरी एक आई होती, तिचं दीड वर्षाचं लेकरू, पातळ जुलाब. तिला भीती होती की बाटली नाही लावली तर लेकरू सुकून जाईल. भीती बरोबरच होती. लेकरं जुलाबानं सुकतात आणि त्यात दगावतातही. (आमच्याकडे पाण्याचं काय आहे ते विचारू नका. जायकवाडीहून शहराला जाणारी पाइपलाइन याच रस्त्यानं जाते, आणि आमच्या गल्लीत लोक जार विकत घेतात.) पण तिच्या भीतीवरचा उत्तम उपाय पुडीत होता, बाटलीत नव्हता.

ओआरएसची गोष्ट थोडक्यात. 1971चं साल, बांगलादेशचं युद्ध, सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस नावाच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पुड्या बनवून ड्रमभर पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावलं. पाजणारे नर्स-डॉक्टर नव्हते, नातेवाईक होते. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. त्यामागचं शास्त्र असं की आतड्यात मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र गेली की ती हात धरून आत शिरतात आणि पाठोपाठ पाणी ओढून घेतात. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. साखर जास्त झाली की उलट जुलाब वाढतात. 2004 पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ओआरएससोबत लेकराला झिंक द्यायला सांगतात. आशाताईंकडे दोन्ही फुकट मिळतं.

इथे तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. मेडिकलमध्ये गोड पेयांचे खोके मिळायचे, त्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं असायचं. चव सरबताची, साखर भरपूर. 2025च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली. तेव्हा मेडिकलवाल्याला पुडी मागा, आणि पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचा. मोठी पुडी एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात नाही. हे सांगावं लागतं, कारण मी लोकांना तशी पिताना पाहिलंय.

आता म्हणाल, हे सगळं बाहेरच्या देशातलं, बंगालमधलं. आपल्याकडे काय? म्हणून विंचवाकडे येतो.

पैठण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नाथांचं विंचवाचं भारूड आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आणि विंचू उतरवणारेही पाहिलेले. लाल विंचू दिसायला छोटा, पण चावला की काही जणांत वेगळंच सुरू होतं. जागेवर दुखतं ते ठीक, पण ज्याला दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय बर्फासारखे गार, त्याच्या अंगात विषानं वादळ उठवलेलं असतं. अंगातलीच रसायनं अफाट प्रमाणात सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडत थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हो, माझ्या काकांसारखंच. वाट वेगळी, शेवट तोच.

1976 साली एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर. माणूस मूळचा भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा. देहेड आज जालना जिल्ह्यात, पण तो जिल्हाच 1981चा, म्हणजे तेव्हा ते आपल्याच औरंगाबाद जिल्ह्याचे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडच्या पोरांना वाटतं की संशोधन करणारी माणसं वेगळ्या मातीची असतात.

कोकणात विंचूदंशाचे पेशंट येत होते आणि तरणीताठी माणसं, लेकरं मरत होती. बावस्करांच्या नोंदींप्रमाणे गंभीर दंश झालेल्यांत शंभरातले तीस-चाळीस. पुस्तकात जे उपचार होते ते देऊनही मरत होती. मग त्यांनी काय केलं? खाटेशेजारी बसले. तासातासाला नाडी, बीपी, घाम, हातपाय गार की गरम, छातीत काय ऐकू येतं, सगळं लिहून काढलं. ना महागडी यंत्रं, ना मोठी लॅब. लिहिता लिहिता लक्षात आलं की माणूस मरतोय तो हृदयामुळे. मग डोकं चाललं की आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर? प्रॅझोसिन नावाची गोळी होती, रक्तदाबाची, तोंडानं घ्यायची, स्वस्त. 1986 मध्ये त्यांचं त्यावरचं काम द लॅन्सेटमध्ये आलं, लंडनच्या त्या जुन्या वैद्यकीय पत्रिकेत. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. एका साध्या गोळीनं. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट इथेच संपवली तर छान वाटतं. गरिबांचा डॉक्टर, स्वस्त गोळी, टाळ्या. व्हॉट्सॲपवर ती इथेच संपते. पण मला ती पुढे जास्त आवडते.

दरम्यान विंचूदंशावरचं प्रतिविष, म्हणजे ज्याला लोक लस म्हणतात, ते उपलब्ध झालं होतं. ते गोळीपेक्षा महाग. आता ज्या माणसानं आयुष्यभर एका गोळीवर नाव कमावलं त्यानं काय करावं? म्हणावं की माझी गोळी पुरे. हिंमतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनीताई यांनी महाडला रीतसर चाचणी केली. 70 पेशंट. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, ते जणू चिठ्ठी टाकून ठरायचं. 35 जणांना नुसती गोळी, 35 जणांना गोळी आणि प्रतिविष. चिठ्ठी का? कारण डॉक्टरवर सोडलं की तो नकळत बऱ्या पेशंटला आपल्या आवडीचा उपचार देतो आणि मग म्हणतो, बघा, माझा उपचार भारी. मीही करीन, तुम्हीही कराल.

निकाल असा आला: दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले, दोन्ही मिळालेल्यांत 35 पैकी 32, नुसत्या गोळीवाल्यांत 35 पैकी 8. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2011च्या जानेवारीत छापून आलं. म्हणजे त्यांनी स्वतःच्याच गोळीला चाचणीला उभं केलं आणि तिच्यासोबत आणखी एक महाग औषध दिलेलं बरं, हे स्वतः जगाला सांगितलं.

यात पेशंटचा फायदा कुठे? पेशंट लवकर बरा झाला की खाट लवकर मोकळी, सोबतच्या नातेवाइकाचा रोज बुडत नाही, मोठ्या दवाखान्यात धावावं लागत नाही. औषधाच्या कागदावरची किंमत आणि कुटुंबाला पडणारी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘स्वस्त तेच चांगलं’ म्हणणारा माणूस आणि ‘महाग तेच चांगलं’ म्हणणारा माणूस, मला दोघांचीही सारखीच भीती वाटते. दोघांनीही तपासलेलं नसतं.

(आणि हो, कोणाला विंचू चावला तर हे ऐकून घरी गोळी देऊ नका. प्रॅझोसिननं बीपी एकदम पडू शकतं. हातपाय गार पडले, घाम सुटला की थेट सरकारी दवाखाना.)

मच्छरदाणीचं सांगायचं राहिलं. ते माझ्या मामामुळे कळलं. मामा मोंढ्यात हमाल. पोत्यांनी हर्निया झाला, कित्येक वर्षं तो लंगोट आवळून काम करत राहिला. मी सर्जनकडे घेऊन गेलो तेव्हा खर्चाच्या यादीत एक ओळ होती: जाळी. पोटाच्या कमकुवत झालेल्या भिंतीला आतून जे प्लास्टिकच्या धाग्याचं ठिगळ लावतात, ती जाळी. मामा म्हणाला, "एवढीशी जाळी, आन एवढे पैसे? याच्यात तर घरभर मच्छरदाण्या येतील." मी हसलो. मग घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की हा विचार मामाच्या आधी एका सर्जनला सुचलेला आहे!

धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. तिथले ग्रामीण सर्जन डॉ. टोणगावकर. त्यांच्या लक्षात आलं की बाजारातल्या मच्छरदाणीचं कापड आणि महागडी जाळी यांचा धागा एकाच कुळातला आहे. त्यांनी ते कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरलं. एकट्यानं वापरून थांबले नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेतलं, नोंदी ठेवल्या आणि 2003 मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत ते छापलं. नोंदी ठेवल्या नसत्या तर लोक म्हणाले असते, गरिबांच्या पोटात मच्छरदाणी शिवतो. आणि तसं म्हणणं चूकही ठरलं नसतं.

कारण प्रश्न खरा आहे. गरिबाला वेगळं, हलकं काही दिलं जातंय का? त्याचं उत्तर चांगल्या मनानं मिळत नाही, चाचणीनं मिळतं. ती युगांडात झाली. स्वीडन आणि युगांडाच्या सर्जनांनी 302 पुरुषांवर, पुन्हा चिठ्ठी टाकूनच, निम्म्यांना मच्छरदाणीच्या धाग्याची जाळी आणि निम्म्यांना कंपनीची जाळी बसवली. एक वर्ष पाठपुरावा. 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. हर्निया परत झाला तो स्वस्त जाळीवाल्यांत एकाला, कंपनीच्या जाळीवाल्यांत कोणालाच नाही. बारीकसारीक त्रास दोन्हीकडे जवळपास सारखा, शंभरात तीसेक जणांना. आणि किंमत? एक डॉलर विरुद्ध सुमारे 125 डॉलर.

मामाचं ऑपरेशन त्यांच्या सर्जननं कंपनीच्याच जाळीनं केलं, आम्ही पैसे भरले. मी तो पेपर सर्जनला दाखवला नाही. धीर झाला नाही, खरं सांगतो. ओळखीचे होते, सीनियर होते. पुढे मामा पोती उचलायला लागला आणि विषय तिथेच राहिला. पुरावा माहीत असणं आणि तो समोरच्यापुढे ठेवणं यात केवढं अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पैशांचं बोलतो आता, कारण सगळ्याची गाठ तिथे आहे. मी जे सांगतोय त्यात बऱ्याचदा डॉक्टरला कमी करायचं असतं. कमी तपासण्या, कमी गोळ्या, कमी बाटल्या. आणि कमी करण्याचे पैसे कोणी देत नाही. सलाईन बंद केल्यावर मी कन्सल्टिंग पन्नासवरून दीडशे केलं. बाहेर बाकावरच चर्चा: "नुसतं बोलायचे दीडशे?" जो माणूस बाटलीचे तीनशे बिनबोभाट द्यायचा तो दीडशेसाठी वाद घालायला लागला. वर्षभर ओपीडी निम्मी होती. बायकोनं तिच्या नोकरीवर घर चालवलं. हे मी हिरोगिरी म्हणून सांगत नाही. जिच्या नवऱ्याला नोकरी करणारी बायको नसेल त्या डॉक्टरनं काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याला नुसतं नीतिमत्तेचं लेक्चर देऊन चालणार नाही एवढं कळतं.

कट प्रॅक्टिस तुम्हाला माहीतच असेल. तपासणीला पेशंट पाठवला की डॉक्टरला वाटा. पुन्हा बावस्करच. 2013 मध्ये एका पेशंटला एमआरआयला पाठवल्यावर त्यांना 1,200 रुपयांचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि वर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. तेव्हा मी नवखा होतो. आमच्या डॉक्टर मंडळींच्या गप्पांत त्यांच्याबद्दल काय बोललं गेलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्या गप्पांत कोणी असं म्हणालं नाही की ते खोटं बोलतायत.

तुम्ही यात काय करू शकता? डॉक्टर होऊ नका, गुगलही होऊ नका. रील बघून आलेला पेशंट मला बाटली मागणाऱ्यापेक्षा जड जातो, रागावू नका. पण एक प्रश्न विचारत जा: "डॉक्टर, हे नाही केलं तर काय होईल?" प्रेमानं विचारा. तपासणीसाठी विचारा, औषधासाठी, सलाईनसाठी. ज्याच्याकडे उत्तर आहे तो डॉक्टर रागावत नाही. कधी उत्तर येईल, "नाही केलं तर जीव जाईल," तेव्हा वेळ घालवू नका, पैशांचं नंतर बघा. कधी येईल, "दोन दिवस थांबून बघू," आणि बऱ्याचदा तेच खरं असतं. सर्दी-खोकला अँटिबायोटिकनं लवकर जात नाही, तो आपल्या गतीनं जातो. हे सांगून पेशंट परत पाठवणं हा माझा दिवसातला सगळ्यात अवघड उपचार असतो.

आणि आईवडिलांना दवाखान्यात नेणारे आता तुम्हीच आहात. मोटरसायकल तुमची, फोन तुमचा, पैसे फोनवरून तुम्हीच देता. तेव्हा जुने कागद सोबत आणा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. त्या काकांच्या घरी हृदयाच्या गोळ्यांची पट्टी कपाटावर होती. मी विचारलं नाही आणि त्यांनी आणली नाही.

ते काका पुढे चार वर्षं जगले. दर महिन्याला यायचे, बीपी मोजून जायचे. शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं म्हणून फार जोरात बोलायचे. बाहेर कोणी नवा पेशंट "सलाईन लावतात का इथं?" असं विचारताना दिसला की बाकावरून ओरडायचे, "न्हाई लावत! हा डॉक्टर लई तपासतो!" मला कळायचं नाही की हे कौतुक आहे का टोमणा. त्यांना सगळं माहीत होतं. मुलानं सांगितलं होतं.

बाहेर हाक आली, ऐकलीत? लेकरू रडतंय, जुलाबाचं असणार, सीझनच आहे. झिंकची बाटली संपलीय का बघतो. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या खेपेला घेऊ. थांबतो.